काशीनाथचा पावा

साल २०२४. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत. इंदिरानगरात घराजवळ बासरीचा क्लास आहे. मुलगा म्हणाला, "दादा, दम पुरणार नाही." म्हणून तर नाव घातलंच.

क्लासच्या बाईंनी विचारलं, "काय शिकायचंय?"

"बर्फ पडतो ते."

बाई हसल्या. मग मी सांगितलं.

चोवीस वर्षांचा, फौजेत असताना आमची पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. सकाळी सहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, चहा, मग फावडं घेऊन बर्फ काढायचा. रोज तेच. लान्स नाईक काशीनाथ गावित सुरगाण्याकडचा. पावा कोटाच्या आत छातीशी ठेवायचा, थंडीनं चिरू नये म्हणून. बर्फ पडायला लागला की सगळे आवाज बंद होतात. तेव्हा तो वाजवायचा. एक सूर, थांबायचा. दुसरा सूर, थांबायचा. बर्फ त्या चालीवरच खाली येतोय असं वाटायचं. मगातला चहा गार व्हायचा, कळायचं नाही.

एका दुपारी सव्वातीनला मी दोघांना घेऊन पॅट्रोलवरून परतत होतो. एकदम सगळं पांढरं. स्वतःचे बूट दिसेनात. रेडिओ लावला.

"पोस्ट, रस्ता हरवला. ओव्हर."

काशीनाथ म्हणाला, "लय हिंडायची हौस! पावा ऐका. आवाजावर या. ओव्हर."

तो बाहेर कड्यावर उभा राहिला. हातमोजे काढून; मोज्यात पाव्याची भोकं सापडत नाहीत. आम्ही सुरांमागं चाललो. पोस्ट पन्नास पावलांवर आली आणि चाल मधेच थांबली. कड्याचा बर्फ तुटला होता. आम्ही तिघं पोचलो. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

गावाला त्याची बहीण आहे, मंजुळा. इतकी वर्षं मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

सहा महिन्यांत चाल बसली. तो थांबला तिथपर्यंत. बाई म्हणाल्या, "पुढचं मी बसवून देते."

"नको. त्याचं आहे ते."

"मग त्यांच्या घरी जाऊन वाजवा. मला काय ऐकवता?"

राग आला. पण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरगाण्याची पहिली एसटी धरली. मंजुळाबाई अंगणात नागली पाखडत होती. नाव सांगितलं नाही. उभ्यानं वाजवलं, थांबलो. सूप तिच्या हातातच राहिलं. मान खाली घालून तिनं पुढची चाल गुणगुणली, शेवटापर्यंत.

"भात लावायचं गाणं हाय आमचं," ती म्हणाली. "लय उशीर केलास, भाऊ. बस. काशा कसा गेला, सांग."

मी बसलो. हातमोज्यांपासून सांगितलं.