बॅटरीवाले डावरेमामा

डावरेमामांच्या धोतराला इतकी भोकं होती की वाळत घातलं तर पलीकडचा लॉरी अड्डा दिसायचा. तेजाबाचे थेंब उडून पडलेली भोकं. कोणी हसलं तर म्हणायचे, "हसतं काहून बे? खिडक्या पाडल्या. हवा येते."

अकोल्यात अड्ड्यामागे त्यांची टिनाची टपरी होती. जुन्या बॅटऱ्या उकलून नव्यानं भरायचे. ड्रायव्हर रडत यायचा, "मामा, बॅटरी मेली." मामा चिडायचे. "मेली म्हनू नको. कोनता सेल मेला थे सांग." डांबर तापवून वरचं झाकण काढायचं, खराब सेलच्या प्लेटी उपसायच्या, तळाचा गाळ झटकायचा आणि दुसऱ्या मोडक्या बॅटरीतल्या धड प्लेटी तिथं बसवायच्या. हे सगळं डाव्या हातानं. उजवा नुसता दाबून धरायला. चार्जिंगला लावली की तिला कान लावून बसायचे. आत खुदखुद सुरू झाली की म्हणायचे, "बोलून राहिली. चला, एक हात वाचला."

हात वाचला म्हणजे काय, हे आता मला सांगावं लागेल. मी तिसरी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण त्या दिवशी मी तिथं होतो.

मामा तेव्हा क्लीनर होते आणि मी त्याच लॉरीवर ड्रायव्हर. मालकाचं नाव लिहून मी कागद खराब करत नाही. तेल्हाऱ्याहून कापूस भरून निघायचं होतं, बॅटरीत जीव नव्हता. मामा महिनाभर सांगत होते, बॅटरी भरून घ्या. मालक म्हणाला, "हात आहेत ना तुमाले? मारा हॅण्डल." त्या दिवशी त्याला घाई होती. मला सीटवरून उतरवलं आणि स्वतः बसला. मामांनी समोरून इंजिनात लोखंडी हॅण्डल घालून ते फिरवलं. मालकानं काय खेचलं, काय दाबलं, त्याचं त्याला ठाऊक. हॅण्डल उलटं फिरलं आणि मामांच्या मनगटाचा भुगा झाला. पातूरच्या एका म्हाताऱ्यानं हाड बसवलं, ते वाकडंच बसलं. मालक म्हणाला, "आता दुसरा क्लीनर पाहा लागते." मी चावी त्याच्या अंगावर फेकली आणि पायी निघालो.

मामा डाव्या हातानं बॅटरीचं काम शिकले, आणि ते कशासाठी शिकले हे अड्ड्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. साऱ्या अकोल्याच्या गाड्या हॅण्डलशिवाय, बटणावर सुरू होऊ लागल्या, त्या एका मालकाच्या सोडून. त्याची बॅटरी मामा घेत नसत. आणि जो क्लीनर टपरीवर चहा प्यायला येई त्याला आपलं वाकडं मनगट दाखवून सांगत, "त्याच्या हॅण्डलले हात लावशीन तं हे पाहून ठेव." मालकाकडे क्लीनर टिकेना.

शेवटी तो स्वतः आला. सरकीनं भरलेली लॉरी ड्रायव्हरनं कशीबशी टपरीपुढं उभी केली आणि ती बंद पडली. "मिस्त्री, झालं गेलं सोडा. एवढी बॅटरी पाहा." मामांनी दोन तारा लावून एकेक सेल तपासला, जसा सगळ्यांचा तपासत.

"दोन सेल गेले. बाकी धड हायत."

"म्हणजे होते भरून?"

"होते ना. काहून नाई होत?" मामांनी हात पुसले. "पन मी नाई करत. तुमाले हात आहेत ना? मारा हॅण्डल."

अड्ड्यावर एकही क्लीनर जागचा हलला नाही. मालकानं धोतर खोचलं, टोपी बोनेटवर ठेवली आणि घामाघूम होईस्तोवर हॅण्डल मारलं. लॉरी सुरू झाली. कोणी हसलं नाही. मी हसलो, मोठ्यानं हसलो.

लॉरी गेल्यावर मी विचारलं, "मामा, झाला जीव थंडा?"

"कायचा थंडा? त्याचा हात शाबूत हाय."

पुढं शिशाच्या धुरानं मामांची छाती गेली. मामांना लेकरूबाळ नव्हतं. तिरडी उचलायच्या वेळी मालक हार घेऊन हजर झाला. चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लय मोठ्या मनाचा माणूस. त्यानं मले केव्हाच माफ केलं होतं." आणि खांदा द्यायला वाकला.

"नाई केलं," मी म्हणालो. "बाजूले व्हा, मालक."

एक म्हातारा कुजबुजला, "बापू, मेलेल्या मानसासमोर असं बोलू नये."

"मेलेल्याच्या नावानं खोटं बोललेलं चालते का, काका?"

मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे. मी मडकं उचललं, मागं चार क्लीनरांनी तिरडी उचलली. गल्ली अरुंद होती. मालकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं आणि आम्ही मामांना त्याच्या तोंडासमोरून घेऊन गेलो.