बेहेऱ्यांची पाटी

१९५० साली कलकत्त्यातल्या बालीगंजचे शिंपी शरच्चंद्र बेहेरे यांनी शाळांचे गणवेश एका महिला संस्थेमार्फत डमडमच्या वस्तीतल्या, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित बायकांकडून शिवून घेतले, आणि वर्षात दुकान दुप्पट वाढलं. आज मात्र एकही बाई फिरकली नाही.

संस्थेच्या लीनादी धापा टाकत आल्या. "जागेच्या मालकाच्या, त्या जमीनदाराच्या लाठीवाल्यांनी बायकांची वस्ती घेरलीय. रिकामी झोपडी दिसली की पाडतात!"

बेहेरे वस्तीत न्यायला दुकानाची पाटी उतरवू लागले.

"अहो, तुम्ही शिंपी, फौजदार नव्हे!" बायको शकुन कळवळली.

"त्या बायकांच्याच हातांवर वाढलो ना? झोपडी पाडतात, पण दुकान पाडताना ते लाठीवाले दहादा विचार करतील."

वस्तीच्या तोंडाशी पाटी लागली. लाठीवाल्यांच्या म्होरक्याने ती सावकाश वाचली. "मालिक कौन?"

"मी," बेहेरे घाबरून मराठीतच म्हणाले, पण हलले नाहीत. मागे झोपड्यांत बायकांची शिवणाची मशिनं सुरू झाली. चालू दुकान पाहून लाठीवाले वस्ती सोडून पुढे निघून गेले.