चुंबकाच्या दारातले हळकुंड

आमच्या भोकरमध्ये माझ्या पत्नीच्या दुखण्याची जी कथा सांगितली जाते, ती खरी नाही. मुरूडचा माझा मेहुणा ती कीर्तनकाराच्या थाटात सांगतो: साक्षात रेणुकामाता म्हातारीच्या रूपाने आली, हळद दिली आणि कर्करोग घेऊन अंतर्धान पावली. लातूरला प्राध्यापक असलेला माझा मुलगा म्हणतो, सगळे औषधाने केले, बाकीचा योगायोग. त्या दिवशी दोघेही तिथे नव्हते. मी होतो.

दुखणे तळपायावरच्या काळ्या डागापासून सुरू झाले. काटा मोडला असेल, असे आम्ही धरून चाललो. निदान झाले तेव्हा कर्करोग जांघेतल्या गाठीत आणि फुप्फुसांत पसरला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला चाललेल्या एका नव्या प्रयोगाची वाट दाखवली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट समजावले. डोळ्यांना न दिसणारे लोहाचे कण जांघेतल्या गाठीत सोडायचे आणि बाहेरून चुंबकीय शक्तीने तापवायचे. गाठ उष्णतेने मरू लागली की तिच्या अवशेषांवरून शरीराच्या रक्षक पेशींना शत्रूची ओळख पटते. रोगाने त्या पेशींना घातलेला लगाम सलाइनमधून दिलेले दुसरे औषध सोडवते. मग जिथे उष्णता पोचलीच नाही, त्या फुप्फुसांतल्या गाठींचाही या पेशी पाठलाग करू शकतात. "शकतात," बाई म्हणाल्या, "करतीलच, असे मी सांगत नाही." हा प्रामाणिकपणा मला आवडला.

अडले ते चुंबकाच्या खोलीच्या दारात. अंगावर धातू चालणार नव्हता. तापून कातडी भाजली असती. पत्नीने पाटल्या काढून दिल्या; मंगळसूत्राला आणि जोडव्यांना मात्र हात लावू देईना.

"तुम्ही धडधाकट समोर उभे, अन् मी जोडवी काढू? न्हाई. चला भोकरला."

"अगं, मी कुठे मरतो आहे?"

"अन् काढल्यावर मेलात तर?"

वादात मी कोणाला हार गेलेलो नाही; इथे मात्र तिला सोडून मी देवाला धरले. मनातल्या मनात मी खंडोबाशी भांडलो: दारातून परत न्यायचे होते, तर इथवर आणलेस कशाला?

बाकावर धर्माबादची एक अनोळखी म्हातारी बसली होती. तिचा नवरा तिथेच उपचार घेत होता. तिने पिशवीतून ओटीचे हळकुंड काढले, पिवळ्या दोऱ्यात ओवले आणि माझ्या पत्नीला म्हणाली, "मंगळसूत्र तुटलं तर आमच्यात ह्येच बांधतेत, अक्का. हळकुंडाला चुंबक काय करणार हाय?" डॉक्टरीणबाईंनी हसून मान डोलावली. तशी म्हातारी माझ्यावर उलटली. "अन् मालक, तुम्ही काय बघून राहिलात? बांधा की. तुमचंच काम हाय ते."

मी बांधले, तेव्हा तिने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिले. मग खाली बसून, साबण लावून, तिच्या सुजलेल्या बोटांतली जोडवी माझ्या हातांनी उतरवली.

"चारचौघांत बायकोचे पाय धरले की हो!" ती म्हणाली.

"हळू बोल. भोकरला कळेल."

ती हसत आत गेली. आता भोकरला कळले, तरी हरकत नाही.

म्हातारी अंतर्धान वगैरे पावली नाही. ती खाली कँटीनमध्ये नवऱ्याला इडली भरवताना मी या डोळ्यांनी पाहिली. पण इडली भरवणाऱ्या हाताने देव येत नाही, हे मेहुण्याला कोणी सांगितले? आणि औषधाने केले, हे मुलाचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त औषधाच्या खोलीपर्यंत तिला कोणी नेले, एवढे त्याने सांगावे.

नंतर ताप आला, अशक्तपणा आला, आणि काही महिन्यांनी जांघेतली गाठ विरली. फुप्फुसांतल्या गाठीही लहान होत गेल्या. "बरी झाली" हा शब्द डॉक्टरीणबाई अजून उच्चारू देत नाहीत. तपासण्या चालू आहेत. मीही तो उच्चारत नाही.

यंदा चंपाषष्ठीला मेहुणा आणि मुलगा माझ्याच ओसरीवर पुन्हा भांडले. सर्वांत मोठा आवाज अर्थातच माझा होता. तेवढ्यात ती भरताचे वाडगे घेऊन बाहेर आली.

"त्याचं खरं, ह्याचंबी खरं, तुमचं तर लईच खरं. मी हाय नव्हं समोर? मग उठा, हात धुवा."

माझ्याजवळ अजून दोन बिनतोड मुद्दे शिल्लक होते. ते मी खंडोबाच्या पायाशी ठेवले, आणि उठून हात धुतले.