ट्रॅक्टरवर दळलेली बाजरी

पाटोद्यात लाईट गेली की सगळ्यात आधी मी निकामी होतो. माझं झेरॉक्सचं दुकान. समोर जाहेदाआपाची पिठाची चक्की, तीही विजेवरची. पण नवऱ्यामागं एकटीनं चक्की चालवणारी ही बाई हात चोळत बसणाऱ्यातली नाही.

दसरा झाला की इथल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून निघायच्या दिवशीच सगळे दळायला येतात. यंदा नेमकं त्याच पहाटे वादळानं खांब पाडले. पाणी नाही, मोबाईल मेलेले. परळीला वीज तयार करणारा जिल्हा आमचा, आणि आम्ही मेणबत्त्या शोधत होतो. लाईनमन म्हणाला, उद्याशिवाय काही होत नाही.

चक्कीपुढं पोत्यांची रांग लागली होती. सगळ्यात पुढं मंगल, दरसाल नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जाणारी.

"आपा, तितं रानात चक्की कुठं हुडकू? मागच्या साली पोरीला दोन दिस मुरमुऱ्यावर ठिवलं. यंदा न्हाई ठिवणार."

तेवढ्यात टोळीचा मुकादम सुंदरराव ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. "चला, बसा. पीठ वाटंत घिऊ."

"वाटंत कोण दळून देतंय, तुमचा सासरा?" आपा म्हणाली. मला हसू आलं, मुकादमाला नाही.

आपाची नजर ट्रॅक्टरवर खिळली. तिच्या नवऱ्याच्या वेळी चक्की डिझेल इंजिनावर, पट्ट्यानं फिरायची. तो पट्टा अजून माळ्यावर होता, आणि ट्रॅक्टरला मागं मळणीयंत्र फिरवायची पुली होती.

"सुंदरराव, ट्रॉली सोडा अन् ट्रॅक्टर मागं घ्या. त्याच्यावर दळते."

"येड लागलं का आपा? कारखान्यावर टायमात पोचायचंय."

मंगल जाऊन ट्रॅक्टरपुढं बसली. मग एकेक करत बाकीच्या बायका बसल्या. "पीठ झाल्याबिगर ट्रॉलीत पाय ठिवणार न्हाई," मंगल म्हणाली. बायकांशिवाय टोळी नाही, आणि टोळीशिवाय मुकादम कसला! सुंदररावानं मुकाट्यानं ट्रॅक्टर मागं घेतला.

पट्टा निसटला. पुन्हा चढवला, पुन्हा निसटला. आपानं पकड यावी म्हणून त्याला राळ चोळली, ट्रॅक्टर वीतभर सरकवायला लावला, आणि चक्की घरघरली. मी पोती धरत होतो. एक तार तुटली की आपण सगळे लुळे पडतो, याचा मला त्या दिवशी खरोखर राग आला.

दिवस कलताना टोळी गेली. तेव्हा कोपऱ्यात आपाचा स्वतःचा बाजरीचा डबा दिसला, सकाळपासून तसाच.

"आपा, तुझंच दळण राहिलं की!"

"ऱ्हाऊ दे. माझ्या दारात चक्की हाय. उद्या दळीन."

मी डबा उचलून दिला. तिनं झाकण उघडलं, तर आत बाजरीवर फडक्यात बांधलेलं पीठ, अजून कोमट. फडकं मंगलच्या लुगड्याचं होतं.

आपा डोळे पुसत पुटपुटली, "पोरीच्या तोंडचं काढून ठिवलंय. येडी कुठली!"

मी पट्टा गुंडाळून माळ्यावर टाकायला निघालो, तशी ती ओरडली, "वर नको! हितं खुंटीला लटकव, हाताशी."