तिरकी मान, डबल बेल

आमच्या दवाखान्यात औषधं वेळेवर संपतात, किस्से मात्र संपत नाहीत. केसपेपरांना वाळवी लागते, पण किस्से तिलाही पचत नसावेत. मी जनावरांची डॉक्टर. भोरच्या एसटी स्टँडला चिकटून माझ्या दोन खोल्या आहेत. बावीस वर्षं झाली, तरी अजून कुणीतरी दारात येऊन मलाच विचारतं, "डॉक्टर कुठायत?"

त्यातला एक आठवडा मी विसरणार नाही. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत जे येईल ते मान तिरकी करूनच येत होतं.

* * *

आधी तात्यांबद्दल सांगते. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले आणि घरात बसवेना म्हणून माझ्याकडे मदतीला आले. तीस वर्षं घाटाच्या गाडीत कशालाही न धरता उभं राहून त्यांनी तिकिटं फाडली. तोल या विषयातली डिग्री माझी असेल, अनुभव त्यांचा.

चक्कर येणारं पहिलं कुत्रं आलं तेव्हा मी त्यांना समजावून सांगितलं. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळायची सोय असते, ती बिघडली की सगळं जग गरगरतं, डोळे थरथरतात, उलट्या होतात, जनावर एका अंगावर पडतं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे घाट लागलाय. पोट रिकामं ठेवायचं न्हाई, गच्च भरायचं बी न्हाई, आन् चाकावरची सीट द्यायची न्हाई."

माझ्या पुस्तकात हेच चाळीस पानांत लिहिलं आहे.

* * *

त्या आठवड्याची सुरुवात आबांनी केली. बाजाराच्या दिवशी वेल्ह्याकडच्या एका वाडीतून ते टेम्पो करून आले. गोणीवर राणी. तेरा-चौदा वर्षांची गावठी कुत्री, मान डावीकडे पिळवटलेली, डोळे सारखे हलतायत. आदल्या दिवशी सकाळी उठायला गेली ती पडली, ती पडलीच. वाडीने एकमताने लकवा ठरवून टाकला होता.

आबा बाकावर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "डाक्टरीणबाई, सुई द्या. खड्डा खणून आलोय."

मी म्हटलं, आबा, जरा दमानं. हा लकवा नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांना असं अचानक होतं. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात, मग बहुतेक कुत्री उठतात. मान कदाचित तिरकीच राहील. पण तोवर तिला हाताने भरवावं लागेल, कूस बदलावी लागेल, धरून चालवावं लागेल.

"कोण धरणार?" आबा म्हणाले. "घरात म्या आन् ती. म्या अठ्ठ्याहत्तरचा. तिला उचलाय गेलो तर दोघंबी पडतो. मग आमाला कोण उचलणार?" मग राणीकडे न बघता म्हणाले, "तिची तडफड बघवत न्हाई मला."

मी काही बोलायच्या आत तात्यांनी परस्पर करार करून टाकला. पुढच्या बाजारापर्यंत राणी इथेच राहील. तोवर आपल्या पायावर उभी राहिली तर आबांनी घेऊन जायची, नाही तर बाई सुई देतील. बाईंना कुणी विचारलं नाही.

आबा कबूल झाले. निघताना दारातून वळून एवढंच म्हणाले की, मुरूम लागला होता, खणायला पुरा दिवस गेलाय. मला कळेना, त्यांना राणीची काळजी जास्त होती की खड्ड्याची.

* * *

दुसऱ्याच दिवशी किकवीच्या आजी आल्या. त्या कुत्रं दाखवायला नाही, भांडायला आल्या होत्या.

त्यांचा मोत्या महिन्यापूर्वी एकाच बाजूने गोल गोल फिरायला लागला होता. योगायोगाने तो अंगणात तुळशीभोवती फिरायचा. आजींनी मोजलं, सकाळी सकाळी अकरा फेऱ्या. मग काय, गल्लीतल्या बायका त्याच्या कपाळाला कुंकू लावायला लागल्या. कुणी पेढा ठेवला, कुणी लेकीच्या लग्नाचं साकडं घातलं. नातू मात्र चार बुकं शिकलेला, त्याने मोत्याला उचलून माझ्याकडे आणलं. कान उघडून बघितला तर आत नुसता पू. कान साफ केला, औषध दिलं, आठ-दहा दिवसांत मोत्या सरळ चालायला लागला.

"चांगलं झालं की आजी," मी म्हटलं.

"काय चांगलं झालं?" आजी म्हणाल्या. "आता तुळशीकडं ढुंकून बघत न्हाई. परवा तर तिथंच पाय वर केला."

तात्या औषधांच्या कपाटामागे जाऊन हसले. राणी त्या दिवशी दोनदा ओकली आणि काही खाल्लं नाही, त्यामुळे मला फारसं हसू आलं नाही.

* * *

भोरातच एक साहेब राहतात, जमीन मोजणीच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांच्या मांजरीची मान तिरकी झाली होती. मी सांगितलं होतं की रोज लक्ष ठेवा, तिरकेपणा कमी होतोय का बघा. चूक माझीच. मोजणीवाल्याला 'बघा' म्हणायचं नसतं.

साहेबांनी गवंड्याची पाणसळ आणली. तीच ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. ती मांजरीच्या दोन कानांवर ठेवून ते रोज वहीत नोंद करायचे. मांजर पंजे मारायची, तीही नोंद व्हायची. मांजर चालताना एका बाजूला जाते म्हणून मग त्यांनी पाणसळ खाली ठेवली, तर बुडबुडा कोपऱ्यात! मांजर राहिली बाजूला, साहेबांनी फरशी बसवणाऱ्या गवंड्याला बोलावून घेतलं.

त्या बुधवारी ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, "मॅडम, मांजर सरळ आहे. माझी फरशी तिरकी आहे."

मी मांजरीला माझ्या टेबलावर उभं केलं आणि दाखवलं, बघा, इथेही मान तिरकीच आहे. साहेबांनी शांतपणे पिशवीतून पाणसळ काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

तेव्हापासून टेबलाच्या एका पायाखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आहे.

* * *

शिवऱ्याजवळ बंगला घेतलेले पुण्याचे एक हाफ पँटवाले साहेब आहेत. शनिवारी ते आपला पग घेऊन आले. त्याचीही मान कलंडलेली. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे होलिस्टिक सपोर्टिव्ह केअर आहे का?"

मी हात धूत होते. तात्या म्हणाले, "हाय की. गोणपाट, टॉवेल आन् मी."

साहेबांना वाटलं थट्टा आहे. पण आमचे उपचार खरंच तेवढेच. पाय घसरू नयेत म्हणून खाली गोणपाट. पोटाखालून टॉवेलची झोळी, तिचा भार माणसाने धरायचा आणि पाय जनावराने टाकायचे. पाणी चमच्याने. झटकन उचलायचं नाही, उजेड असू द्यायचा, सतत बोलत राहायचं. पोट शांत करायला माझं इंजेक्शन. बाकी सगळं तात्या.

साहेबांनी सोबत सुगंधी तेल आणलं होतं आणि एक काशाची वाटी. ती वाजवली की आत्मा स्थिर होतो म्हणे. साहेबांनी वाजवली. पग टेबलावरच ओकला.

पगाला औषध देऊन पाठवलं. वाटी ते विसरून गेले. तात्यांनी ती उचलली, बोटाने दोनदा वाजवली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, ही तर डबल बेल हाय."

* * *

त्या दिवसापासून राणीची ड्यूटी सुरू झाली. तात्या टॉवेल धरायचे आणि वाटीवर टिंग टिंग, म्हणजे चला. एक टिंग, म्हणजे थांबा. दवाखान्याच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत एक फेरी. प्रत्येक फेरीत तात्या गावांची नावं घ्यायचे. राणीने त्यांच्या डब्यातला ताकभात खाल्ला, डोळ्यांचं हलणं थांबलं, शेपटीसुद्धा हलली. दोन दिवसांत अंगात जोर आला. पण टॉवेल सैल केला की ती डावीकडे पडायची. प्रत्येक वेळी.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तात्या टॉवेल पिळत म्हणाले, "एक दिवस जास्त मागू का आबांकडं?"

मी म्हटलं, मागा. पण तात्या मागणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. शब्द म्हणजे शब्द, त्यांचं तिकीटसुद्धा कधी चुकलं नाही.

* * *

आबा सकाळीच आले. हातात धुतलेलं पांढरं धोतर होतं, घडी घातलेलं. ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही.

तात्यांनी राणीला उभं केलं, टॉवेल सोडला, वाटी वाजवली. राणी पडली. पुन्हा उभं केलं, पुन्हा वाजवली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तात्यांनी वाटी जोरात वाजवली, तरी तेच.

"ऱ्हाऊ द्या तात्या," आबा म्हणाले. "लई केलंत."

मी आतल्या खोलीत गेले. हे काम मला बावीस वर्षांत कधी आवडलेलं नाही, आणि त्या दिवशी तर कपाटाला किल्ली लागेना. आणखी चार दिवस थांबा, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण शब्द दिलेला होता, आणि तरीही ती उठली नाही तर वाडीत तिला धरणारे हात मी कुठून आणणार होते?

तेवढ्यात खिडकीबाहेर स्टँडवर वेल्ह्याची गाडी सुरू झाली. कंडक्टरने दोरी ओढली. टिंग टिंग.

बाहेरच्या खोलीत नखांचा आवाज आला.

मी आले तेव्हा राणी चालत होती. डावीकडे झुकून, बाकाला धडकून, पण टॉवेलशिवाय, चारही पायांवर, थेट दाराकडे. उंबऱ्यापाशी थांबली आणि निघून गेलेल्या गाडीकडे बघत राहिली.

तात्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. डोळे पुसले, आणि मग रागावूनच म्हणाले, "आठवडाभर म्या घसा कोरडा केला. आन् ऐकलं कुणाचं, तर चालू नोकरीतल्या माणसाचं!"

आबांनी धोतराची घडी मोडली, ते राणीच्या पोटाखालून झोळीसारखं धरलं आणि टेम्पोपर्यंत तिच्याबरोबर हळूहळू चालत गेले. चढताना एकदाच वळले.

"डाक्टरीणबाई, आता त्या खड्ड्याचं काय करू?"

* * *

दोनेक महिन्यांनी लसीकरणासाठी मी आणि तात्या वेल्ह्याकडे गेलो, तेव्हा वाट वाकडी करून आबांकडे डोकावलो. आबा ओट्यावर बसले होते, शेजारी राणी. अंगाने भरली होती, पण मान तशीच डावीकडे कललेली. ती आता तशीच राहणार.

ओट्यासमोरच्या त्या खड्ड्यात आबांनी फणसाचं रोप लावलं होतं. काठीला तीन ठिकाणी नीट बांधलेलं, भोवती काटेरी कुंपण, बुडाशी ओल. सगळं शिस्तीत. फक्त काठी आणि रोप, दोन्ही चांगली वीतभर डावीकडे झुकलेली.

तात्यांना राहवेना. ते काठी सरळ करायला पुढे झाले.

"हात लावू नका," आबा ओट्यावरून म्हणाले.

"आबा, रोप तिरकं लागलंय."

आबांनी राणीच्या मानेवरून हात फिरवला आणि ओट्यावर थोडी जागा करून दिली.

"हितं बसून बघा. तिच्याशेजारी."

तात्या बसले. राणीकडे बघितलं, मग मान हळूच डावीकडे कलती केली आणि फणसाकडे बराच वेळ बघत राहिले.

"व्हय की," म्हणाले.