जमिनीवरून उठणं

मी परदेशात मुलाकडे राहते, हौगांगमध्ये, नवव्या मजल्यावर. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात, मग घरात मी एकटीच. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चिनी बाई राहते, तीही एकटी. वय ऐंशीच्या पुढे. मी तिला आंटी म्हणते, ती मलाही आंटीच म्हणते. बाकी आमचं बोलणं म्हणजे हातवारे आणि दहा-पंधरा इंग्रजी शब्द.

इथे म्हाताऱ्यांसाठी सोयी पुष्कळ आहेत. पायऱ्यांशेजारी उतार असतो, न्हाणीघरात धरायला दांड्या असतात. तिच्या भिंतीला एक दोरी आहे. ती ओढली की तळमजल्यावरच्या मदत केंद्रातली माणसं धावत येतात आणि तिच्या मुलीला फोन करतात.

काही महिन्यांपूर्वी मी कॉरिडॉरमध्ये कुंड्यांना पाणी घालत होते. तिचं दार उघडं होतं, बाहेरच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप. ती सोफ्याजवळ जमिनीवर बसली होती, पाय पसरून. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं.

मी दोरीकडे हात केला.

"नो, नो! डॉटर कम. वन मोर फॉल, ओल्ड फोक्स होम."

म्हणजे ती आधीही पडली होती, आणि पुन्हा पडली तर मुलगी वृद्धाश्रमात ठेवणार होती.

लागलं नव्हतं. हात-पाय हलवून तिने दाखवलं. पण ती खुर्चीतून उठावं तशी सरळ वर उठायला बघायची आणि परत खाली बसायची. माझा हात जाळीतून कोपरापर्यंतच आत जात होता.

मग मीच कॉरिडॉरमध्ये खाली बसले. लिफ्टमधून कोणी आलं तर काय म्हणेल, याची लाज वाटत होती. पण जमिनीवरून उठणं मला येतं. भाकऱ्या, भाजी निवडणं, चौथीपर्यंतची शाळा, माझं सगळं जमिनीवरच झालं. मी कुशीवर वळले, कोपर टेकलं, रांगणाऱ्या मुलासारखी हातांवर आणि गुडघ्यांवर आले.

ती हसायला लागली. "आंटी, यू बेबी!"

"यू आल्सो बेबी," मी म्हटलं.

ती वळली. रांगत सोफ्यापर्यंत गेली. दोन्ही हात सोफ्यावर ठेवून एक पाऊल पुढे रोवलं आणि उठली. अर्धा तास लागला असेल.

दुसऱ्या दिवसापासून ती दहा वाजता आमच्याकडे यायला लागली. चटईवर बसायची, उठायची. दोनदा, मग चारदा.

एका रविवारी तिची मुलगी वृद्धाश्रमाचे कागद घेऊन आली. आई घरात नाही म्हणून आमच्या दाराशी आली, तर आई चटईवर. ती ओरडलीच आणि काखेत हात घालून आईला ओढायला लागली. आंटीने तिच्या हातावर चापट मारली.

"डोन्ट टच!"

आम्ही सगळे उभे राहिलो. आंटी वळली, रांगली, खुर्चीला धरून उठली.

"आई, हा काय क्लास काढलास तू?" माझा मुलगा म्हणाला. मग त्या मुलीचं इंग्रजी ऐकून त्याने मला सांगितलं, "त्या परत कधी पडल्या होत्या का, असं ही विचारतेय."

आंटी माझ्याकडे बघत होती.

"एकदा पडल्या," मी म्हटलं. "आणि हात न लावता आपल्या आपण उठल्या. दोन्ही सांग."

त्यानंतर चार दिवस आंटी माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी दहा वाजता आली.

कागद मुलीने फाडले नाहीत, पण सहीही केली नाही. पडल्यावर आधी दोरी ओढायची, मग उठायला लागायचं, असं मायलेकींचं ठरलं. आता मुलगी दर रविवारी येते आणि आईला एकदा खाली बसायला लावते. आई उठेपर्यंत ती हात पाठीमागे धरून उभी राहते. तिला ते फार जड जातं. परवा आईचा गुडघा अडला, तेव्हा मुलगी पुढे झाली, आणि मग स्वतःच थांबली.