मनोहरभाऊचा पंखा

मनोहरभाऊ गेल्याचा फोन आला तवा मी गिऱ्हाइकायले हसवून राह्यलो होतो. भाऊचाच आवाज काढून... तोंड अर्धं उघडं तसंच राह्यलं. मले लिहता येत नाई. मी बोलतो, भाची लिहून घेऊन राह्यली.

आर्वीच्या आमच्या वाचनालयाचे भाऊ ग्रंथपाल, मी दारासमोरचा चहावाला. आतलं एक बी पुस्तक मी वाचलं नाई. त्यायच्यावरचे चहाचे डाग मात्र माझेच. वैशाली नावाची पोरगी खेड्यावरून एसटीनं ये. तिले दिसत नाई, अन् परीक्षा द्याची होती. भाऊ मागच्या खोलीत बसून तिचं पुस्तक मोठ्यानं वाचत, मोबाइलमधी भरून देत. पहिला धडा भरला तवा आमाले आयकवला. वरचा जुना पंखा त्याच्यात नुसता घरघर करे. मी कायचा गप्प बसतो? म्हटलं, "भाऊ, हे पुस्तक हाय का पिठाची चक्की?" सारे हसले. वैशाली बी हसली, भाऊ बी... अन् दुसऱ्या दिवसापासून त्यायनं पंखा बंद केला.

खिडक्या बी बंद. अन् उन्हाळा आमच्याकडचा! चहा घेऊन गेलो का भाऊचा शर्ट घामानं अंगाले चिपकलेला दिसे.

"लावा न भाऊ पंखा."

"चक्की सुरू होते न बे, गज्या!"

माझाच जोक मले वापस. मी हसत बाहेर येत होतो, मूर्खावानी.

एक दिवस मी दुकान उघडाच्या आंधीच भाऊ त्याच खोलीत कोसळले, दवाखान्यातूनच तो फोन आला. डॉक्टर म्हणे, हार्टचं दुखणं जुनंच होतं, पंख्याचा काई संबंध नाई. मी पुन्हा पुन्हा विचारलं. मले पंखाच दिसते.

तेरवीनंतर वैशाली आली. शेवटचे धडे भराचे राह्यलेच होते. मी तिच्यापुढं हात जोडले, तिले दिसत नाई हे बी ध्यानात राह्यलं नाई, अन् सारं सांगून टाकलं. तिनं मोबाइल चाचपला. मंग म्हणे, "काका, मी तो पंख्यावाला धडाच लय वेळा आयकते. त्याच्यात खोली आयकू येते... भाऊ समोर बसले वाटते. बाकीच्यायत निस्तं पुस्तक हाय."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं, बाई?"

"तुमी सारे हसले न. मी बी हसली."

आता उरलेले धडे भाऊच्या जागी आलेल्या नव्या मॅडम वाचते. मी चहा ठेवतो, पंखा लावतो, कोपऱ्यात बसतो. मॅडमनं एकदा विचारलं, "गजाननभाऊ, आवाज येतो हो. बंद करू?"

"राहू द्या," वैशाली म्हणे.

माझ्या तोंडाशी एक जोक आलता... गिळला.